चूक सापडली की समज जुनी

४ नोव्हेंबर, सोमवार

नवा नियम आलाय! एका घरात एकच रायफल. जास्तीची असेल ती महिनाअखेर जमा करायची, तीस तारखेला भट्टीत. चिरंजीवांनी पेपर वाचून दाखवला आणि माझ्याकडे असं बघितलं, जसा काही नियम मीच काढलाय.

आमच्या घरात दोन. दोन्ही हरणछाप. नळीच्या मुळाशी हरणाचं डोकं ठोकलेलं असतं, म्हणून हरणछाप. थोरली भिंतीवर, धाकटी ट्रंकेत. थोरली बावन्न सालची, धाकटी त्रेसष्टची. शिकारीच्या रायफलींतलं ज्याला कळतं त्याला पुढचं सांगायला नको, पण वहीला सांगते. साठ सालापर्यंतची हरणछाप म्हणजे सोनं. साठला कारखान्याचा म्हातारा मालक गेला, नातू गादीवर बसला, मशिनी आल्या. त्यानंतरची हरणछाप म्हणजे भोक पाडलेली काठी. मग निवडायचं काय त्यात? थोरली राहणार, धाकटी जाणार. मिटलं!

सूनबाई म्हणते, "मिटलं तर मग पानभर कशाला सांगताय?"

डॉक्टरणीनं सांगितलंय म्हणून. "मावशी, दिवसभरात काय झालं ते रोज कुणाकडून तरी लिहून घेत जा, डोकं गंजणार नाही." मला अक्षर येत नाही. शिकायचं राहून गेलं ते गेलंच. तर मी बोलते, सूनबाई लिहिते. वहीपाशी मन मोकळं करावं म्हणतात. माझ्या वहीला कान आहेत, आणि ते सुनेचे आहेत.

५ नोव्हेंबर

कालचं वाचून घेतलं. सुनेच्या कानांचं वाक्य तिनं जसंच्या तसं लिहिलंय! प्रामाणिक निघाली. आता जपून बोललं पाहिजे.

आज पुन्हा स्वयंपाकघरातल्या वर उघडणाऱ्या खिडकीवरून बोलणं झालं. तिचं म्हणणं, खिडकीला नीट हूक लावून घेऊ. मी म्हटलं, टेकू आहे की. चिरंजीवांच्या जन्मापासून तोच आहे — ह्यांच्या बंदुकीच्या दुकानातला कुठलातरी मोडका लाकडी दस्ता. खिडक्यांना हिरवा रंग दिला की त्यालाही एक हात मारायचा. रंगाची एवढी पुटं चढलीत की आता तो दस्ता कमी आणि काकडी जास्त दिसतो. "आई, एक दिवस खिडकी कुणाच्या तरी डोक्यात पडेल." पडू दे. ज्याच्या डोक्यात पडेल ते मजबूत असावं एवढीच इच्छा.

७ नोव्हेंबर, गुरुवार

बातमी पसरली! मिस्त्रींची बायको रायफलीचं साल सांगते, म्हणून लोक यायला लागलेत. मिस्त्री म्हणजे आमचे हे. जाऊन नऊ वर्षं झाली, पण दुकानावरच्या पाटीत अजून तेच आहेत. चिरंजीव त्याच दुकानात बसतात, फक्त आता बंदुका कमी आणि कुलपं नि शिलाई मशिनी जास्त.

माझी विद्या काय आहे ते सांगून टाकते, म्हणजे मी गेल्यावर कुणी चमत्कार म्हणायला नको.

दस्त्यावर, जिथं मूठ आवळते तिथं, पकड बसावी म्हणून बारीक चौकड्यांची जाळी असते. जुन्या हरणछापवर ती हातानं कोरलेली. साठनंतर मशीननं दाबून उमटवलेली, बिस्किटावर नक्षी असते तशी. ह्यांची नजर अधू झाली तेव्हा ह्यांनी मला दुकानात स्टुलावर बसवलं आणि म्हणाले, "आकडे बघू नकोस." जसे काही मला कळत होते! "डोळे मीट, अंगठा फिरव. हाताचं काम असलं की कुठंतरी हात निसटतोच. मशीन चुकत नाही. चूक सापडली की समज जुनी."

आणि सापडायची! खालच्या कोपऱ्यात, करंगळी टेकते तिथं, शेवटची रेघ जाळीबाहेर निसटून डावीकडे पळालेली असायची. गव्हाच्या दाण्याएवढी. बहुतेक जुन्यांत तिथंच! मी ह्यांना म्हणायचे, त्या कारखान्यात कुणीतरी एकच कारागीर असणार, रोज त्याच जागी झोपेला येणारा. हे हसायचे आणि चहा मागायचे.

तर एवढीच विद्या. एक अंगठा. तोही डावा, कारण मी डावखुरी.

९ नोव्हेंबर, शनिवार

आज दरबार भरला. मी दुकानात खुर्चीवर, अंगावर शाल, डोळे मिटलेले. चिरंजीव एकेक रायफल हातात देणार, मी अंगठा फिरवणार, आणि "ठेव" नाहीतर "जाऊ दे" म्हणणार. न्यायाधीशसुद्धा इतका आव आणत नसेल. मध्ये खरंच डुलकी लागली. लोक म्हणाले, किती खोल विचार करतात!

डॉक्टरीण तिच्या वडलांच्या दोन घेऊन आली. एकीला कोपऱ्यात चूक होती. "ठेव." दुसरीची जाळी हाताखाली घासून गुळगुळीत झालेली. चूक कुठं सापडेना. "मशीनची असणार. जाऊ दे."

तिनं ती हातात फिरवून बघितली. "मावशी, बाबा कायम हीच न्यायचे. दुसरीला हात लावायचे नाहीत."

"आवड वेगळी आणि साल वेगळं," मी म्हटलं. मोठं वाक्य झालं. तिथं उभ्या असलेल्या दोघांनी मान डोलावली. डॉक्टरणीनं ती गुळगुळीत रायफल दुपारीच नेऊन जमा केली.

मग पुस्तकवाले साहेब आले. जंगल खात्यातून निवृत्त झालेत, ह्यांचे जुने दोस्त. त्यांच्याकडे हरणछापचं एक जाड पुस्तक आहे. नळीच्या पोटाखाली, लाकडात झाकलेला नंबर असतो, तो पुस्तकात शोधला की साल निघतं म्हणे. त्यांच्याही दोन. एकीचा दस्ता कधीतरी बदललेला, जाळीच नाही. दुसरीला जाळी, कोपऱ्यात चूक, सगळं छान.

"जाळीवाली ठेवा," मी म्हटलं.

"वहिनी, एकदा पुस्तकात बघू का?"

"बघा की. पुस्तकाला अंगठा आहे का विचारा."

सगळे हसले. साहेबही हसले, पण जरा उशिरा.

१२ नोव्हेंबर

साहेब आले, पुस्तक काखेत. दस्ते उतरवून दोन्ही नंबर बघितले म्हणे. "वहिनी, तुम्ही ठेवा म्हणालात ती चौसष्टची. जाऊ दे म्हणालात ती पंचावन्नची."

मी म्हटलं, "पुस्तक कुठल्या सालचं?"

"म्हणजे?"

"म्हणजे तेही साठनंतरचं असेल. मशीनवर छापलेलं."

साहेब उठून गेले. चहा अर्धा राहिला. चिरंजीव म्हणाले, आई, जरा जास्तच झालं. आणि हे लिहिताना सूनबाईचा चेहरा बघावा!

१३ नोव्हेंबर

साहेब आज फिरकले नाहीत. वाचत बसले असतील.

१६ नोव्हेंबर, शनिवार

आज बोलवत नाही. थोडं सांगते.

ठेवायच्या रायफलीचा फॉर्म भरायचा होता. त्यावर नंबर आणि साल लागतं. चिरंजीवांनी थोरली भिंतीवरून काढली, खालचे दोन स्क्रू सोडवले, दस्त्यातून नळी उचलली. नंबर कागदावर उतरवला. सालासाठी पुस्तक हवं! म्हणजे साहेबांना फोन. साहेबांचा आवाज इतका गोड मी कधी ऐकला नव्हता. "त्रेसष्ट," म्हणाले. "वहिनींना सांगा, छपाईची चूक असेल."

चिरंजीवांनी धाकटी ट्रंकेतून काढली. बिस्किटासारखी दाबलेली जाळी, जिला मी आयुष्यभर नावं ठेवली ती. तिचा नंबर सांगितला. पलीकडे पानं उलटल्याचा आवाज. आणि मग साहेबांचा आवाज एकदम साधा झाला. "बावन्न," म्हणाले.

सूनबाई थोरलीचा रिकामा दस्ता उजेडात धरून बघत होती. म्हणाली, "आई, नळी बसते त्या खोबणीत पेन्सिलनं काहीतरी लिहिलंय. बाबांचं अक्षर आहे."

"वाच."

"घरचं काम."

"पुढं?"

"पुढं काही नाही. एवढंच. घरचं काम."

१७ नोव्हेंबर

झोप नाही. सांगून टाकते.

नवी नवरी होते मी. बासष्ट साल. हे दुकानातून नुसते लाकडी दस्ते घरी आणायचे. अक्रोडाचं लाकूड, जवसाच्या तेलाचा वास, लोखंड काही नाही. स्वयंपाकघरात खिडकीखाली एक चिमटा बसवून दिला होता, त्यात दस्ता आवळायचा. दोन दातांची कोरणी दिली — एक दात आधीच्या रेघेत ठेवायचा, दुसरा दात शेजारी नवी रेघ पाडतो. एक रेघ दुसरीला वाट दाखवते. आधी सगळ्या तिरप्या एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं, की चौकड्या उभ्या राहतात. समोर नमुन्याला एक जुना दस्ता ठेवलेला असायचा. "हे बघ आणि असं कर." भाजी शिजेपर्यंत चार रेघा. कपडे वाळेपर्यंत सहा.

मी विचारलं होतं, कशासाठी हे? म्हणाले, बाहेरगावचं काम आहे. मी मान डोलावली. बाहेरगाव मोठं असतं, तिथं काहीही लागत असेल!

झालं की हे अंगठा फिरवून बघायचे. "बरं आहे." एवढंच. चार वर्षांत यापुढं गाडी गेली नाही. मग चिरंजीव पोटात आले, वाकवेना, चिमटा निघाला. मी विसरून गेले. आयुष्यात मी काय काय केलंय — रजया शिवल्या, साबण केला, दोन वर्षं कोंबड्या पाळल्या. सगळं थोडीच लक्षात राहतं!

आणि तोच माल पुढं कितीतरी वर्षं माझ्या हाताखालून गेला, आणि मी डोळे मिटून म्हणत बसले, वा! काय कारागीर होता!

लोक निदान स्वतःचं अक्षर तरी ओळखतात. मला अक्षरच येत नाही, तर ओळखणार कुठून?

१८ नोव्हेंबर

खात्री हवी होती. माळ्यावरून कोरणी काढली. चिरंजीवांनी लाकडाचा एक तुकडा चिमट्यात आवळून दिला आणि हाताची घडी घालून उभे राहिले. हात थरथरतो आता. तरी पंचवीस-तीस रेघा ओढल्या. वाकड्यातिकड्या, पण चौकड्या आल्या. शेवटच्या रेघेला कोपऱ्याशी आले आणि हात गेलाच! डावीकडे. गव्हाच्या दाण्याएवढा.

मुद्दाम नाही केलं. वही, तुझी शपथ.

चिरंजीवांनी तो तुकडा आणि थोरलीचा दस्ता शेजारी शेजारी धरले. मग दुकानात निघून गेले.

म्हणजे साहेबांची चौसष्टची — माझी. डॉक्टरणीला "ठेव" म्हटलं ती — माझी. आणि तिच्या वडलांची गुळगुळीत? सूनबाईनं मला न विचारता जमा केल्याची पावती बघितली डॉक्टरणीकडं, साहेबांना नंबर विचारला. चोपन्न. अस्सल सोनं. माझ्या अंगठ्यानं भट्टीला लावलं.

२० नोव्हेंबर, बुधवार

चिरंजीवांशी भांडण. खरं भांडण, भांडी वाजतात तसलं नव्हे.

मी म्हटलं, तीस तारखेच्या आत सगळ्यांना सांगितलं पाहिजे. ज्यांनी माझ्या शब्दावर जुनी जमा केली, त्यांना बदलून घेता येईल. भट्टी पेटली की संपलं.

"आणि काय सांगणार?" चिरंजीव म्हणाले. "बाबांनी नव्या मालाला जुना म्हणून फसवलं? पाटीवर त्यांचं नाव आहे, आई. मी त्या पाटीखाली बसतो."

"त्यांनी जुनी म्हणून सांगितली असं मी म्हटलं का?"

"मग काय म्हणायचे ते?"

"म्हणायचे, अंगठा फिरवा."

"तेच ते!"

तेच ते. माझं तोंड बंद पडलं ही घरातली मोठीच घटना, पण कुणाला साजरी करावीशी वाटली नाही. रात्रीच्या जेवणाला चिरंजीव उशिरा आले आणि भाजीत मीठ नाही एवढंच बोलले. मीठ होतं.

सूनबाईला विचारलं, तू सांग. ती म्हणाली, "मी फक्त लिहिते." मग पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, "उद्या अकराला डॉक्टरीण दवाखान्यात मोकळी असते. मी रिक्षा सांगून ठेवलीये."

२१ नोव्हेंबर

गेले. रांगेत बसले. आजाऱ्यांत बसायला लाज वाटली, मला काहीच झालेलं नव्हतं, फक्त नाक कापलेलं होतं.

डॉक्टरणीला सगळं सांगितलं. स्वयंपाकघर, कोरणी, घरचं काम. तिनं मध्ये एकदाही अडवलं नाही. मग म्हणाली, "म्हणजे बाबांची खरी होती."

"खरी होती. मी मूर्ख होते."

"आणि मावशी, बाबा दुसरीला हात का लावत नसत?"

"लोखंड वाईट. त्यांना कळत होतं. मला कळत नव्हतं."

तिला राग आला असावा. आलाच होता. पण तिनं माझं ब्लडप्रेशर बघितलं, आधी. मग जमा खात्याला फोन लावला. दुपारी जाऊन बदलून आणली. मला कळवलं नाही, सूनबाईला कळवलं. बरोबर केलं. माझी चूक असलेली आता तिथं ढिगात पडलीये.

२२ नोव्हेंबर

साहेबांकडं जायला जास्त धीर लागला. डॉक्टरणीला माझ्यावर रागवायचं होतं, साहेबांना जिंकायचं होतं!

दार उघडलं, मला बघितलं, आणि पुस्तक आणायला वळले. मी म्हटलं, पुस्तक राहू द्या, मी हरले. ते इतके गोंधळले की चहाचं विसरले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याकडून चहा न घेता आले.

सांगून झालं तसं हसायला लागले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मला वाटलं आता माझा उद्धार. पण म्हणाले, "वहिनी, माझ्या जाळीवालीचा दस्ता फुटला होता म्हणून मी स्वतः त्याच्याकडं नेली होती. पासष्टात. म्हटलं, मिस्त्री, नवा घाल, कसलाही चालेल. आठ दिवसांनी ही जाळी घेऊन आला. मी विचारलं, जुन्या रायफलीचा आणलास का रे? तो म्हणाला, 'अंगठा फिरवून बघा, तुम्हीच सांगा.' मी फिरवला. मीच म्हणालो, जुना आहे. सगळ्यांना सांगत सुटलो तो मीच! त्यानं एका शब्दानं म्हटलं नाही."

"मग नाहीसुद्धा म्हटलं नाही," मी म्हटलं.

"तेही खरं."

मग त्यांनी पुस्तक उघडलं, खिशातून पेन काढलं. शेवटच्या कोऱ्या पानावर काहीतरी लिहिलं. काय लिहिलं विचारलं तर म्हणाले, पुस्तकात एक माहिती कमी होती. वाचून दाखवलं नाही. मला वाचता येत नाही याचा फायदा घेतात लोक!

पंचावन्नची ठेवणार आहेत. "पण तुमचा दस्ता काढून तिला बसवतोय," म्हणाले. नंबर लोखंडावर असतो, लाकडाला नियम नाही.

२३ नोव्हेंबर

घरी येऊन चिरंजीवांना साहेबांचं सांगितलं. सगळं, 'तेही खरं' धरून. ऐकून घेतलं. दोन दिवस पाटीच काढून टाकतो म्हणत होते, ते बोलणं सोडून दिलं त्यांनी. मी म्हटलं, पाटी राहू दे, फार तर धुऊन काढ.

उरलेल्या पाच घरांना सूनबाईनं फोन केले. दोघांनी बदलून आणल्या. एकानं फोन आपटला. एक म्हणाला, आजी, माझ्याकडं हरणछाप नाहीच, मी गर्दी बघून आलो होतो. पाचवा अजून "ठेव" म्हटलेलीच ठेवणार आहे, त्याला कितीही सांगा. म्हणतो, मावशी म्हणाल्या म्हणजे जुनीच! अशा माणसाचं काय करायचं? मीच घडवलाय तो.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

आता घरचं. निवड झाली. थोरली की धाकटी?

न्यायाधीश म्हणून निकाल देते, या वेळी डोळे उघडे ठेवून. रायफल म्हणजे लोखंड. लोखंड धाकटीचं चांगलं. थोरली जाईल.

चिरंजीव थोरली काखेत मारून दुकानात गेले. लहानपणापासून भिंतीवर बघितलेली. शाळेत बढाया मारलेल्या तिच्या, बावन्नची, बावन्नची म्हणून. संध्याकाळी दुकानातून हाक मारली. टेबलावर दोन्ही उघडलेल्या. धाकटीचं लोखंड उचललं, थोरलीच्या लाकडात ठेवलं, दाबलं. बसलं! जराही घासावं लागलं नाही.

"बाबांनी खोबण दोन्ही मापांची कापली होती," म्हणाले. त्या भांडणानंतर पहिल्यांदा बाबा हा शब्द नीट निघाला तोंडातून.

आता घरात एकच. बावन्नचं लोखंड, खाली पेन्सिलनं घरचं काम.

आणि कुणी विचारलंच की हरणछापची सर्वांत चांगली सालं कुठली, तर सांगून ठेवते. लोखंड — अठ्ठेचाळीस ते साठ. लाकूड — बासष्ट ते सहासष्ट, आमचं स्वयंपाकघर. यात गर्व नाही. पुस्तकाला विचारा.

३० नोव्हेंबर

दुपारी तीनला भट्टी. बघायला गेले नाही. गुडघ्याचं कारण सांगितलं. गुडघा ठणठणीत आहे.

१ डिसेंबर

एक गोष्ट राहून राहून टोचते. "बरं आहे." चार वर्षं, इतके दस्ते, आणि बरं आहे! साहेबांपुढं गप्प बसता येत होतं, गिऱ्हाइकांपुढं बसता येत होतं. मला एकदा म्हटलं असतं की बाई, तुझं काम जुन्यात खपतंय — काय बिघडलं असतं? मी काय दारोदार सांगत फिरले असते? फिरले असते. पण तरी!

२ डिसेंबर, सोमवार

खिडकीला हूक बसला. सूनबाई जिंकली. टेकू टाकून द्यायला काढला आणि तिनं सहज सुरीनं हिरवा रंग खरवडला. खाली जाळी! आणखी खरवडला. खोबणीत ठोकलेलं कारखान्याचं हरण. नमुन्याचा दस्ता, माझ्यासमोर ठेवलेला तोच. बावन्नचा. मागून तडकलेला, म्हणून धाकटीवरून उतरवला असणार, आणि तिला थोरलीचा बिस्किटवाला चढवला.

अंगठा फिरवला. खालचा कोपरा, करंगळीपाशी. मग वर. मग उलट्या बाजूनं. सूनबाईला चष्मा लावून बघायला लावलं. मग पुन्हा मी.

एकही चूक नाही. कुठंच नाही. त्या कारखान्यात कुणाचा हात कधी निसटलाच नव्हता.

मग चूक सापडली की जुनी समजायची, हे ह्यांनी आणलं कुठून?

लबाड कुठले.